मुक्त सॉफ्टवेअरच्या दारात एक डिप्लोमावाला

(गतवर्षी गणेशोत्सवाच्या चौथ्या दिवशी, सायंआरतीनंतर मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्ये छापण्यासाठी नीट केली आहेत.)



काल याच जागी मधुमेहावर व्याख्यान झाले, उद्या भजन आहे, आणि मधल्या दिवसाला वक्ता मिळेना म्हणून सेक्रेटरींनी मला धरले, असा माझा अंदाज आहे. मी म्हटले, मला रिले आणि पॉइंट मशीन सोडून काय येते? तर ते म्हणाले, "तुम्ही रात्री लॅपटॉपवर ते फुकटचे काहीतरी करता ना, त्यावर बोला." तर विषय तोच आहे. फुकटचे काम.

इथले बरेच जण मला ओळखतात. जे नवीन बदलीवर सिकंदराबादला आले आहेत त्यांच्यासाठी सांगतो. मी मूळचा नांदेडचा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, २००४ साली ज्युनियर इंजिनियर म्हणून सिग्नल खात्यात लागलो आणि आज सीनियर सेक्शन इंजिनियर आहे. डिप्लोमा हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. आपल्या खात्यातल्या लोकांना तो कसा टोचतो ते माहीत आहे. नऊ वर्षे लोकेशन बॉक्स उघडून पाठ मोडलेली असते, आणि एके दिवशी पंचविशीतला पदवीवाला मुलगा थेट आपल्या वरच्या जागेवर येऊन बसतो. त्या मुलाचा काही दोष नसतो. नियम तसा होता. पण मीटिंगमध्ये कुणी "आप बीई हैं?" असे विचारले की आपण चहाच्या कपात बघतो. मी तरी बघत होतो.

आता या फुकटच्या कामाकडे येतो. त्याची सुरुवात आपल्या याच स्मरणिकेतून झाली. २०१६ साली स्मरणिकेचे काम माझ्याकडे आले. जुन्या अंकांच्या फाइली एका सीडीवर होत्या. उघडून पाहिल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा! पूर्वीच्या फाँटमध्ये असेच असायचे. फाँट मशीनवर असेल तरच मराठी दिसायची. तो फाँट ज्यांच्याकडे होता ते काका निवृत्त होऊन गावी गेले होते. तेव्हा ठरवले की यापुढे सगळे युनिकोडमध्ये आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर करायचे. ते सॉफ्टवेअर म्हणजे लिब्रेऑफिस. पत्रे, हिशोबाचे तक्ते, वर्गणीची यादी, सगळे त्यात होते. गेली काही वर्षे आपली स्मरणिका त्यातच तयार होते.

याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण मला तो फार आवडतो. १९८५ च्या सुमारास जर्मनीत मार्को बोरिस नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाने स्टारडिव्हिजन ही कंपनी काढली. तिचे स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले आणि २००० साली त्याचा सगळा कोड जगासाठी खुला केला. त्याचे नाव ओपनऑफिस. पुढे २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली. या कोडचे पुढे काय होईल अशी शंका आल्यावर काम करणाऱ्या लोकांनी २८ सप्टेंबर २०१० रोजी तोच कोड घेऊन वेगळी चूल मांडली. ती म्हणजे लिब्रेऑफिस. हे कायद्याने करता आले, कारण कोड खुला होता. आणि जर्मन मुळामुळे त्या कोडमध्ये शेरे जर्मन भाषेत होते! जगभरच्या लोकांनी वर्षानुवर्षे बसून ते इंग्रजीत आणले. नव्या माणसाला जी सोपी कामे द्यायचे त्यात हेही एक काम होते. मला जर्मन येत नाही, आणि मी पोहोचेपर्यंत ते काम जवळपास आटोपले होते.

मी पोहोचलो जानेवारी २०२२ मध्ये. कोरोनाची तिसरी लाट होती आणि मी खोलीत एकटा सात दिवस. प्रोग्रामिंग मला थोडे येत होते. बॅटरीच्या नोंदींसाठी, फेल्युअरच्या तक्त्यांसाठी छोटे छोटे प्रोग्राम मी आधी केले होते. सी-प्लस-प्लस मात्र डिप्लोमाला शिकलो तेवढेच. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी साहेबांना या कामाची कल्पना देऊन ठेवली होती, आणि ऑफिसचा कॉम्प्युटर किंवा ऑफिसचा तास यासाठी कधी वापरला नाही.

आत शिरताना काय करावे लागते? अर्ज नाही, मुलाखत नाही. नाव आणि ईमेल द्यायचा. शैक्षणिक पात्रतेचा रकाना नव्हता. मी दोनदा पाहिले. एक गोष्ट मात्र लेखी मागतात: मी दिलेला आणि यापुढे देईन तो कोड ठरलेल्या परवान्यांखाली वापरायला माझी संमती आहे. बस. मग सगळा कोड आपल्या मशीनवर उतरवायचा आणि त्यातून सॉफ्टवेअर स्वतः बांधायचे. याला बिल्ड म्हणतात. लाखो ओळी आहेत. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पहिला बिल्ड रात्री नऊला लावला. पहाटे उठून पाहतो तर मेमरी संपून बंद पडलेला. दुसऱ्या रात्री एका वेळी कमी कामे लावून पुन्हा सुरू केला. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या हाताने बांधलेले लिब्रेऑफिस पडद्यावर उघडले. त्यात मी "श्री" लिहिले. सौ. म्हणाल्या, "हे तर आधीही उघडत होते की!"

खरे आहे. पण आपल्या सिग्नलवाल्यांना एक गोष्ट लगेच कळेल. आपल्या रिले रूममध्ये प्रत्येक वायर आपल्याला दिसते, ड्रॉइंगवर बोट ठेवून शेवटपर्यंत जाता येते. इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग आल्यापासून बंद पेटीच्या आत काय लिहिले आहे ते आपल्याला बघायला मिळत नाही. कार्ड बदलायचे आणि दिवा हिरवा झाला की पुढे जायचे. सुरक्षेच्या दृष्टीने त्यालाही कारणे आहेत. पण इतक्या वर्षांनी असे मोठे यंत्र मिळाले की ज्याचे प्रत्येक झाकण उघडे होते. मी आठवडाभर नुसता फिरत होतो.

नव्या माणसासाठी तिथे सोप्या कामांची यादी ठेवलेली असते. ही कामे जाणत्याला एका दिवसात उरकता येतील, पण ती मुद्दाम नव्यांसाठी राखून ठेवतात. आपण नव्या खलाशाला आधी लोकेशन बॉक्स साफ करायला लावतो तसे. मी निवडलेले काम असे: जुन्या पद्धतीचे लूप काढून नव्या पद्धतीचे लिहायचे. म्हणजे काय? समजा आपल्या वर्गणीची यादी आहे. जुनी पद्धत अशी: एक नंबरचे नाव वाच, दोन नंबरचे वाच, असे मोजत शेवटच्या नंबरापर्यंत जा. नवी पद्धत: यादीतले प्रत्येक नाव वाच. मोजणीत होणारी चूक टळते. मला वाटले, यात काय आहे? एका बैठकीत मी एका फाइलमधले अकरा लूप बदलले, वाटेत दिसलेल्या चार-दोन ओळींच्या मोकळ्या जागाही सरळ केल्या, आणि पाठवून दिले. पाठवलेल्या बदलाला पॅच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आलो तर तीन शेरे. पहिला, बदलाचे वर्णन नियमाप्रमाणे नाही. वर एक छोटी ओळ, मग एक ओळ मोकळी, मग हा बदल का केला ते. मी "लूप बदलले" एवढेच लिहिले होते. दुसरा, मोकळ्या जागांचा या कामाशी संबंध नाही, ते काढा. तिसरा शेरा माणसाचा नव्हता, यंत्राचा होता. तिथे प्रत्येक पॅच लिनक्स, विंडोज, मॅक अशा सगळ्यांवर आपोआप बांधून पाहिला जातो. माझा एका ठिकाणी पडला, कारण एक चल मी उगाच शिल्लक ठेवले होते. इशारा आला तरी तिथे तो नापासच धरतात. लाल खूण, आणि ती जगातल्या कोणालाही दिसेल अशी.

खोटे कशाला सांगू, मला राग आला. अठरा वर्षे नोकरी झालेला माणूस, आणि कोणीतरी दूर युरोपात बसून माझी मोकळी जागा मोजतो! तीन आठवडे मी तिकडे फिरकलो नाही. मनात तेच जुने: आपल्याला डिप्लोमावाल्याला हे जमायचे नाही.

मग एका रात्री ब्लॉकमध्ये काम होते. एका यार्डात सर्किटमध्ये बदल होता. आपल्याकडे एक वायर हलवायची तर काय काय लागते? मंजूर ड्रॉइंग, डिस्कनेक्शन मेमो, त्यावर स्टेशन मास्तरांची सही, काम झाल्यावर वायर काउंट, मग प्रत्यक्ष जागेवरची स्थिती आणि पॅनेलवरची स्थिती जुळते का ते पाहणे, आणि नंतरच रिकनेक्शन. त्या रात्री माझ्या हाताखालचा ज्युनियर इंजिनियर, हुशार मुलगा, वाटेत दिसलेली दुसरी एक सैल वायरही घट्ट करायला निघाला. मी ओरडलो, "मेमोमध्ये आहे का ती? नाही ना? मग हात लावायचा नाही. उद्या वेगळा मेमो काढू." आणि बोलता बोलता मलाच माझ्या मोकळ्या जागा आठवल्या.

आमच्या खात्यात लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनचा अपघात माहीत नसलेला माणूस नसावा. १२ डिसेंबर १९८८. नवी वायर जोडली, पण जुनी पूर्ण काढली नाही. ती परत आपल्या जुन्या जागी टेकली, आणि जो सिग्नल लाल दिसायला हवा होता तो लाल दिसला नाही. ३५ माणसे गेली. चौकशीत निघाले की ज्याने ते काम केले त्याला तेरा आठवड्यांत एकच दिवस सुटी मिळाली होती, आणि त्याच्या कामाची दुसऱ्या कोणी वायर मोजून तपासणी केली नव्हती. तो माणूस अडाणी नव्हता, कामचुकार नव्हता. त्याच्यानंतर बघणारा कोणी नव्हता. २ जून २०२३ च्या बहानगा बाजारबद्दल मी इथे बोलत नाही. इथल्या प्रत्येक रेल्वेवाल्याच्या मनात ते आहे.

घरी येऊन मी पॅच पुन्हा उघडला. मोकळ्या जागा परत होत्या तशा केल्या, वर्णन नीट लिहिले, ते चल काढले. पाचव्या फेरीला माझा बदल स्वीकारला गेला. खाली त्या तपासणाऱ्याने आभार मानले होते आणि पुढचा पॅच कधी, असे विचारले होते. अकरा लूप! सौ.ना दाखवले. त्यांनी विचारले, "पैसे किती?" मी सांगितले, शून्य. "मग आभार तरी नीट मानलेत का त्यांनी?" मानले होते.

पण मला खरे सांगायचे आहे ते पुढच्या पॅचबद्दल. पहिला गेल्यावर माणसाला हुरूप येतो. मी भराभर लूप बदलत सुटलो. सातवा किंवा आठवा पॅच असेल. त्यात एक लूप असा होता की यादी वाचता वाचता काही नावे त्यातून खोडली जात होती. आता वर्गणीच्या यादीचेच घ्या. नंबराने वाचणाऱ्याने पाचवे नाव खोडले, खालची सगळी एकेक वर सरकली, तर तो पुन्हा पाचवा नंबर वाचतो आणि शेवट कुठे आला तेही दर वेळी पाहतो. जुना लूप तसाच लिहिला होता. नव्या पद्धतीत यादी कुठे संपते ते सुरुवातीलाच एकदा ठरवून ठेवतात. मध्येच नाव खोडले की यादी आखूड होते, पण वाचणारा जुन्या शेवटापर्यंत वाचतच राहतो. कागद संपला तरी वाचतो. म्हणजे कधी काही होणार नाही, कधी भलतेच नाव येईल आणि कधी सगळे सॉफ्टवेअरच कोसळेल. तेही माझ्या मशीनवर नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनवर, कदाचित कोणाचे न जतन केलेले पत्र घेऊन.

माझ्या मशीनवर तो पॅच उत्तम चालला होता. यंत्राच्या चाचण्याही पास झाल्या होत्या. माणसाने पकडला. चार ओळींचा शेरा: हा लूप बदलू नका, आत यादी बदलते आहे, कृपया बाकीच्या पॅचमध्येही हे पाहा. एक शब्द जास्त नाही. "तुम्हाला एवढेही कळत नाही का" असे नाही. मी रात्री दोनपर्यंत माझे आधीचे सगळे लूप पुन्हा वाचले. सुदैवाने बाकीचे ठीक निघाले. तपासणाऱ्याला मी पाहिलेले नाही, पाहण्याची शक्यताही नाही. पण माझ्या डोक्यात तो आमच्या जुन्या चीफ सिग्नल इन्स्पेक्टरांसारखा आहे. ते रिले रूममध्ये काही न बोलता आपल्या मागे उभे राहायचे आणि चुकीच्या वायरवर फक्त पेन्सिल टेकवायचे.

तिथे सगळे गोड आहे असे मी म्हणणार नाही. खर्डेघाशी तिथेही आहे. एकदा माझा पॅच दोन महिने कोणी पाहिलाच नाही. विचारले तर कळले की त्या भागाचा जाणकार दुसऱ्या कामात आहे. आणि "सगळे स्वयंसेवक" हेही पूर्ण खरे नाही. लिब्रेऑफिसचा बराच कोड काही कंपन्यांचे पगारी लोक लिहितात, आणि दिवसभर तेच करणाऱ्याचा शब्द रविवारी दोन तास देणाऱ्यापेक्षा जड असतो. ते मला योग्यच वाटते. मध्ये माझी आई आजारी होती तेव्हा पाच महिने मी काही केले नाही. कोणी जाब विचारला नाही. परत आलो तेव्हाही विचारला नाही.

आता एक प्रश्न मला आमचे वेंकटेश्वर राव गारू नेहमी विचारतात: कोणीही येऊन कोड देऊ शकतो, मग चोर आला तर? प्रश्न बरोबर आहे, आणि चोर आलेला आहे. एक्सझेड नावाचे फाइल दाबून लहान करण्याचे एक छोटे सॉफ्टवेअर आहे, जगभरच्या सर्व्हरमध्ये ते असते. ते मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, फुकट, आणि थकलेला. २०२१ पासून एक नवा स्वयंसेवक मदतीला आला. सभ्य, कष्टाळू. दोन-अडीच वर्षांत त्याने विश्वास मिळवला आणि हळूहळू किल्ल्याही. २०२४ च्या सुरुवातीला त्याने त्यात चोरदरवाजा बसवला. तो पकडला अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनियरने, मार्च २०२४ मध्ये. कसा? सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढ्यावरून! आपण म्हणतो ना, पॉइंट मशीनचा आवाज आज वेगळा येतोय. तसे. राव गारूंना मी हेच सांगतो की तिथे बघणारा एकच माणूस उरला होता. जिथे एकटा माणूस थकत असेल तिथे आणखी प्रामाणिक माणसे जायला हवीत, चोराच्या भीतीने कमी नव्हे.

कॉलनीतल्या इंजिनियरिंगच्या मुलांशी दोन शब्द बोलायचे आहेत, कारण तुमचे वडील मला मागे लागतात. "याला पण घ्या, रेझ्युमेवर येईल." मुलांनो, मी कोणाला घेत नाही. दार उघडेच आहे. गूगल समर ऑफ कोड नावाची योजना २००५ पासून आहे, तिच्यात नव्या माणसाला मार्गदर्शक मिळतो आणि मानधनही, २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही. ती जरूर पाहा. पण २०२० च्या ऑक्टोबरातला प्रकार विसरू नका. चार बदल पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी एक योजना होती. हजारो मुलांनी लोकांच्या प्रकल्पांत नुसते एखादे विशेषण घुसडून बदल पाठवले. सांभाळणारे बिचारे वैतागून गेले, आणि शेवटी ज्या प्रकल्पांनी होकार दिला त्यांच्यापुरतीच ती योजना ठेवावी लागली. त्यात आपल्या देशातली मुले बरीच होती असे तेव्हा बोलले गेले. ऐकून वाईट वाटले. आता तर कोड लिहून देणारी यंत्रेच आली आहेत. त्यांनी लिहिलेले पाठवू नका असे मी म्हणत नाही, तपासणाऱ्याने "हे का?" विचारले तर तुम्हाला उत्तर देता आले पाहिजे. मेमोवर सही तुमची असते.

आणि कोड येत नसेल तरी कामे आहेत. एखादी चूक दिसली की ती नीट लिहून कळवणे, म्हणजे काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, हे आपल्या फेल्युअर रजिस्टरसारखे. मराठीत सूचना आणि मेनू भाषांतरित करणे. ते काम लिब्रेऑफिसमध्येही स्वयंसेवकच करतात. इथे ज्या काकू शुद्धलेखनावरून माझ्या पत्रकाला दरवर्षी लाल शाई लावतात, त्यांची तिथे फार गरज आहे. मी गंभीरपणे म्हणतो आहे, काकू.

माझे आजवर चाळीसेक पॅच गेले असतील. मोठे एकही नाही. मागच्या महिन्यात पहिल्यांदा असे झाले की नव्या आलेल्या कोणाचा तरी पॅच मला दिसला, लूपचाच. नाव वाचून मुलगी असावी, देश माहीत नाही. तिनेही वाटेतल्या मोकळ्या जागा सरळ केल्या होत्या. मी शेरा लिहायला घेतला, तीनदा खोडला. शेवटी लिहिले की बदल चांगला आहे, मोकळ्या जागा वेगळ्या पॅचमध्ये द्या, मीही पहिल्यांदा हेच केले होते. ती दुसऱ्या दिवशी सुधारून घेऊन आली. तिला तीन आठवडे लागले नाहीत.

उत्सव झाल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता मी लॅपटॉप घेऊन मंडळाच्या ऑफिसात बसणार आहे. ज्याला बिल्ड कसा करतात ते पाहायचे आहे त्याने यावे, निदान आठ जीबी मेमरीचे मशीन आणावे आणि घरी सांगून यावे की वेळ लागेल. काकूंसाठी खुर्ची राखून ठेवतो.

प्रश्न असतील तर प्रसाद घेतल्यावर विचारा, नाहीतर शिरा गार होईल.

गणपती बाप्पा मोरया!